सुंदरअण्णांची सॉफ्ट गोळी

आमच्या गावात रायफल एकच, सुंदरअण्णांची. अण्णा म्हणजे सुंदरराव; वीस एकर बागायत, एकदा सरपंच झालेले, दोनदा पडलेले. आमच्याकडं माणूस मोठा झाला की आधी जीप घेतो, मग बंदुकीचं लायसन्स काढतो आणि तरी पोट भरलं नाही तर देवळाला कळस चढवतो. अण्णांनी तिन्ही उरकलं होतं. गोम एवढीच, की अण्णा माळकरी. नारायणगडावर घेतलेली तुळशीची माळ गळ्यात, घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. त्यामुळं पंधरा वर्षांत त्या रायफलीनं मुंगी मारली नव्हती. लग्नात फोटोपुरती खांद्यावर, निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा, बाकी वर्षभर कपाटात गोधडीत गुंडाळलेली.

मी अजिनाथ, अण्णांचा शेजारी. पाटोद्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अण्णांचे सगळे अर्ज मीच लिहितो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि थोडं माझ्यामुळंही.

त्या साली रानडुकरांनी उच्छाद मांडला. छबुबाईचं एकरभर कोरडवाहू रान, त्यात भुईमूग. ती दरसाल दसऱ्याला नवऱ्याबरोबर टोळीत ऊसतोडीला जाते. जायच्या आधी शेंगा काढून, तेल गाळून ठेवते, आणि मागं राहिलेली सासू अन् लेकी ते तेल सहा महिने पुरवतात. डुकरांनी दोन रात्रीत तिसरा हिस्सा उकरला. छबुबाई तडक अण्णांच्या ओट्यावर आली.

"अण्णा, बंदूक हाय ना तुमच्याकडं? का नुसती फोटू काढायला घेतली?"

अण्णांना ते फार लागलं. त्यांनी मला बोलावलं, मी अर्ज लिहिला, आणि नवल म्हणजे वनखात्याची परवानगी आलीसुद्धा. दोन डुकरं मारायची, लगेच कळवायचं, मांस खायचं नाही. आता अण्णांची पंचाईत झाली. गळ्यात माळ अन् हातात परवानगी. आठवडाभर ते गुडघा दुखतो म्हणून घरातून बाहेर पडले नाहीत.

मग एके दिवशी ते मला घेऊन काडतुसं आणायला शहरात गेले. दुकानात एकटेच शिरले आणि बाहेर आले ते हसतच. परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर त्यांनी खिशातून एक काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं.

"अज्या, काम झालं बे! दुकानदार म्हन्ला, डुकराला सॉफ्ट घ्या. सॉफ्ट म्हंजी मऊ. हे नाक बघ, उघडं शिसं हाय, नखानं ओरखडा पडतोय. ही लागली की डुक्कर नुसतं दचकतं आन् डोंगर गाठतं. मरत न्हाई. न्हाई का?"

माझं इंग्रजी 'बॅक टू बॅक'च्या पुढं जात नाही. पण अण्णा विचारतायत म्हटल्यावर मी जाणकारासारखी मान हलवली. चहाही त्यांचाच होता. ती मान मी हलवायला नको होती.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही छबुबाईच्या बांधावर बसलो होतो. डुक्कर आलं, अण्णांनी "पांडुरंगा, जरा हळू लागू दे" म्हणून गोळी झाडली. डुक्कर चार पावलं गेलं आणि पडलं. जवळ गेलो तर या अंगाला सदऱ्याच्या गुंडीएवढं भोक. अण्णांना वाटलं, दचकून पडलंय, उठेल. त्यांनी पाय धरून ते उलटं केलं. त्या अंगाला माझी मूठ गेली असती.

"ही मऊ?" अण्णांनी मला विचारलं. मी शेंगांकडं बघत राहिलो.

पंचनाम्याला वनरक्षक करिष्मा मॅडम स्कूटीवर आल्या. अण्णांनी त्यांनाच गाठलं. "म्याडम, हिला सॉफ्ट कावून म्हनत्यात?"

"अण्णा, नाक मऊ असतं म्हणून आत गेल्यावर ते पसरतं, आणि जागीच जीव घेतं. टणक नाकाची गोळी न पसरता आरपार निघून जाते. मग डुक्कर जखमी पळतं आणि आठ दिवसांनी ओढ्यात किडे पडून मरतं. ही त्याला तडफडू देत नाही."

खड्डा खणून डुक्कर पुरलं. मनातल्या मनात मसाला वाटून आलेली गावातली चार माणसं खड्ड्याकडं बघत हळहळली. अण्णांनी घरी येऊन माळ काढली, खुंटीला अडकवली आणि तीन दिवस धड भाकरी खाल्ली नाही.

चौथ्या दिवशी डुकरं परत आली. छबुबाईही आली. तिनं खुंटीकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं.

"अण्णा, माळ काढलीच हाय, तर शेंगा निघूस्तवर राहू द्या की."

अण्णांच्या बायकोनं, सावित्रीबाईनं, हातातलं लाटणं आपटलं. अण्णा मात्र चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता त्यांनी दुसरं डुक्कर मारलं. यावेळी आत काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. एकाच गोळीत काम झालं. मग अण्णांनी डोक्याचा रुमाल सोडून त्याच्यावर टाकला आणि बांधावर बसून उघड उघड रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

छबुबाईच्या उरलेल्या शेंगा निघाल्या, तेल गाळून झालं, टोळी गेली. अण्णा माळ घेऊन गडावर गेले, मी गाडी चालवायला. तिथल्या एका म्हाताऱ्या बुवांपुढं त्यांनी सगळं सांगितलं. "दोन जीव घेतले. एक चुकून, एक जानून. चुकून घेतल्याची माफी मागतो. दुसऱ्याची मागायला जीभ उचलत न्हाई, बाईच्या शेंगा वाचल्या."

बुवांनी विचारलं, "पुढल्या साली ती शेंगा पेरनार हाय का?"

"पेरनारच की."

"डुकरं येनार?"

"येनारच."

"मग माळ आत्ताच कावून घालतो? इचार करून ये."

माळ परत खुंटीला गेली. अण्णा येता-जाता तिच्याकडं बघायचे आणि रिकाम्या गळ्यावरून हात फिरवायचे. माझ्या पोटात काही राहत नाही. ऊसतोडीवरून छबुबाईचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. ती "बरं" म्हणाली अन् फोन ठेवला.

पुढच्या साली पेरण्या झाल्यावर ती अण्णांच्या ओट्यावर आली. अण्णांनी उसासा टाकला आणि गोधडीतली रायफल काढायला कपाटाकडं वळले.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा," ती म्हणाली. "औंदा कापूस लावलाय. त्याला डुक्कर तोंड लावत न्हाई."

"आन् तेल?"

"आनू इकत. घाला आता माळ. ती बंदूक फोटूतच बरी दिसती."