काळ्या मातीतली लेव्हल

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सर्वेक्षण हा विषय होता. सगळे त्याला सर्व्हेच म्हणत. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळा सगळी महागावला मराठीतून झालेली, त्यामुळे शहरातल्या त्या कॉलेजात सर इंग्रजीतून शिकवू लागले की निम्मं डोक्यावरून जाई. सर्व्हेच्या तासाला मैदानात उतरलो की मात्र मी मोकळा व्हायचो. साखळी कशी ताणायची, एका रेषेत काठ्या कशा रोवायच्या, हे हातांना आपोआप समजे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी सरळ पडाव्यात म्हणून वडील शेताच्या दोन्ही टोकांना मला काठ्या रोवायला लावत. कॉलेजातल्या काठ्यांना लाल-पांढरा रंग होता, एवढाच काय तो फरक.

त्या हिवाळ्यात कॉलेजचा सर्व्हे कॅम्प लागला तो नेमका उमरखेडच्या अलीकडे, एका नाल्याकाठी. आमचा तांडा तिथून चार कोसांवर. सहा-सहा जणांचे गट पडले. आमच्या गटाचा प्रमुख शहरातला, वकिलाचा मुलगा, इंग्रजी फर्डं आणि अक्षर मोत्यासारखं. लेव्हल साहजिकच त्याच्याकडे गेली. लेव्हल म्हणजे तीन पायांवर बसवलेली दुर्बीण. ती अगदी सपाट बसवायची आणि दूर उभ्या धरलेल्या उंच लाकडी पट्टीवरचा आकडा तिच्यातून वाचायचा. दोन ठिकाणच्या आकड्यांच्या फरकावरून जमीन किती चढली, किती उतरली ते कळतं. ती पट्टी, म्हणजे स्टाफ, धरायचं काम माझ्याकडे आलं. मी हरकत घेतली नाही. पट्टी धरायला इंग्रजी लागत नव्हतं.

रस्त्यावरच्या पुलाच्या दगडावर छिन्नीने एक खूण केली होती. तिथून सुरुवात करून नाल्याच्या काठाने मैलभर जायचं आणि पुन्हा त्याच खुणेवर यायचं. खुणेची उंची जाताना जी धरली, तीच परत आल्यावर निघायला हवी. फुटाचे दोन-चार शंभरावे भाग इकडे-तिकडे झाले तर सर चालवून घेत. आमचा फरक जवळजवळ अर्धा फूट आला. दुसऱ्या दिवशी सगळं काम पुन्हा केलं. पुन्हा अर्धा फूट, आणि तोही त्याच बाजूला. आमच्या हिशेबाने पुलाचा दगड दोन्ही दिवस वर सरकला होता. बाकीच्या गटांनी आमची भरपूर थट्टा केली.

त्या दुपारी प्रमुखाने आम्हाला झाडाखाली बसवलं आणि हळूच सुचवलं की, हा अर्धा फूट सगळ्या आकड्यांत थोडा थोडा वाटून टाकू, वही स्वच्छ उतरवून काढू, कोणाला काय कळतंय. सगळे दमले होते. कोणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

मग मी स्टाफ पुसायला घेतला. त्याच्या बुडाला दोन बोटं रुंद काळ्या चिखलाचा पट्टा होता. आठवडाभरापूर्वी अवकाळी पाऊस येऊन गेला होता. वरून जमीन सुकलेली दिसे, पण आत ओल होती, आणि ओल्या काळ्या मातीत काय होतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. एका जागेवर स्टाफचा आकडा दोनदा वाचायचा असतो, एकदा दुर्बीण मागे असताना आणि एकदा ती उचलून पुढे नेल्यावर. मधल्या वेळात मी स्टाफवर रेलून उभा राहायचो. माझ्या भाराने तो दर वेळी अर्धं बोट खाली जात होता. अशा पंधरा-सोळा जागा होत्या. पुलाचा दगड वर सरकला नव्हता, माझा स्टाफ खाली जात होता. दोन दिवस गटाची थट्टा झाली ती माझ्यामुळे.

क्षणभर वाटलं, वही सुधारून टाकली तर हेही झाकलं जाईल. पण पाय आपसूकच सरांच्या तंबूकडे वळले. मी मराठीतच सगळं सांगितलं. सरांनी स्टाफचं बूड निरखून पाहिलं.

"हे पुस्तकात वाचलं होतंस?"

"नाही सर. आमची शेती आहे."

"मग आता काय करशील?"

मी म्हणालो की, नाल्यातले चपटे दगड घेऊन जाईन, प्रत्येक जागी एक ठोकून बसवीन आणि त्यावर स्टाफ धरीन. सर एवढंच म्हणाले की, उद्या सकाळी लवकर निघा.

तिसऱ्या दिवशी पोत्यात दगड भरून मी ते पाठीवर वाहिले. परत पुलावर आलो तेव्हा प्रमुखाने शेवटचा आकडा वाचला, वहीत मांडला, पुन्हा वाचला. फरक फुटाचा फक्त एक शंभरावा भाग. तो उठला, स्टाफ माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "उद्यापासून लेव्हल तू बघ. हा मी धरतो."

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी वडील आले. आईने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. धोतर, लाल पागोटं, चार कोस चालून धुळीने भरलेले पाय. शहरातल्या पोरांसमोर त्यांना पाहून मी थोडं अंग चोरलं, हे कबूल करायला हवं. सर स्वतः पुढे झाले, वडिलांना लेव्हलपाशी घेऊन गेले. त्या काळच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. वडिलांनी एका हाताने पागोटं धरून आत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मानसं डोक्यावर चालून राह्यली काहून?" पोरं हसली, वडीलही हसले.

मग सरांनी त्यांना दगडांची सगळी हकिकत सांगितली. मी चूक आपणहून येऊन सांगितली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वडील खाली बघत ऐकत होते. आमचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. वडील सरांना म्हणाले, "माह्या बापाले चढ बैलाच्या दमावरून समजे. पोराले काचेतून समजते. चांगलं हाय." एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांदेखत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मी अंग चोरलं होतं त्याची मला तिथेच लाज वाटली, आणि त्या खरखरीत हाताखाली मी ताठ उभा राहिलो.

त्या वर्षी सर्व्हेत वर्गात सर्वांत जास्त मार्क मला मिळाले. सुटीत घरी गेलो तेव्हा आईने सांगितलं की, वडील ढाणकीच्या बाजारात भेटेल त्याला माझी गोष्ट सांगतात. मार्कांचं त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. पोरानं मास्तरासमोर जाऊन आपली चूक सांगितली, तेवढंच ते सांगत होते.