मुदतीआधी सोडवलेलं घर

कामरगावात आमच्या बाबांची आठवण निघाली की लोक अजून एकच गोष्ट सांगतात. नुसत्या शिवणकामावर या माणसानं गहाण पडलेलं घर मुदतीच्या तीन वर्षं आधी सोडवलं, असा माणूस पुन्हा होणे नाही! सांगणाऱ्याचा ऊर असा भरून येतो, जणू पैसे त्याच्याच खिशातून गेले. मी तिथं बसलेली असले तर माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. घर सोडवलं हे खरं. पण एकट्या बाबांनी सोडवलं नाही, आणि ते कशाच्या बदल्यात सुटलं हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगते.

घर गहाण पडलं ते काकाच्या लग्नापायी. घरात दुखणं नव्हतं, दुष्काळ नव्हता. काकाला अकोल्यात नोकरी लागलेली, मुलीकडचे तालेवार, त्यांच्यापुढं आपण कमी दिसता कामा नये म्हणून कारंज्याहून बँड आणला आणि दोन्ही वेळच्या पंगती उठवल्या. पैसे गावातल्या एका शेठनं दिले आणि बदल्यात आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या ताब्यात घेतल्या. व्याज वेगळं नाही, खोल्या वापरायच्या हेच व्याज. मुदत सात पाडव्यांची. तोवर पुढचं दार त्याचं, मागचं आमचं. शेठनं खोल्यांत सरकीची पोती छतापर्यंत रचली. बाबांचं मशीन पुढच्या खोलीतून उठून चुलीपाशी आलं आणि लोकांचे नवे कपडे धुरात शिवले जाऊ लागले. गिऱ्हाइकाला मागच्या बोळातून, शेजाऱ्याच्या म्हशी चुकवत यावं लागे. काही गिऱ्हाइकं यायचीच बंद झाली.

आणि काका? तो बायकोला घेऊन अकोल्याला गेला तो गेलाच. दिवाळीला मात्र न चुकता यायचा. नवा कोट घालून चुलीजवळ पाटावर बसायचा, खोकायचा, आणि मायला सांगायचा, "वहिनी, जरा काटकसर कराले शिका. असं कसं घर सुटन?" माय गुमान त्याच्या ताटात आणखी एक करंजी टाकायची. तिच्या जागी मी असते तर ताटच उचललं असतं. त्याच्या लग्नात त्यानं खाल्लेलं आम्ही फेडत होतो आणि वर त्याचा उपदेश ऐकून घेत होतो.

आमच्याकडं पाडव्याची गुढी पुढच्या दाराशी उभी करतात. ज्याच्या ताब्यात दार, त्याची गुढी. खोल्या गेल्यावरच्या पहिल्या पाडव्याला शेठचा माणूस सकाळीच आला आणि आमच्या दाराशी त्यांची गुढी बांधून गेला. मायनं आमची गुढी मागं, उकिरड्याच्या बाजूला उभी केली. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आत आली आणि बाबांना म्हणाली, "मले हे सात वर्सं पाहवनार नाई. काहीबी करा, पन लवकर सोडवा." बाबा मशीनवरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "चौथ्या पाडव्याले आपली गुढी पुढच्या दारी लागन." त्या दिवसापासून आमच्या घरात जेवणखाण, सणवार, हौसमौज सगळं त्या चौथ्या पाडव्याच्या हिशेबानं चालू लागलं.

चहात साखरेऐवजी गूळ आला, मग चहाच गेला. भाजीला फोडणी पाहुणे आले तरच. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. संध्याकाळी आली की बोंडांनी ओरबाडलेल्या हातांनी भाकरी थापायची. पोहरादेवीच्या यात्रेला सारी आळी बैलगाड्या जुंपून गेली, आम्ही दारात उभं राहून त्यांना निरोप दिला. माझ्या धाकट्या भावाला बाबांनी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाचा सदरा शिवला. एक बाही पाटलांच्या कुडत्याची, दुसरी कुणाच्या तरी चादरीची. पोरं त्याला अंगावरची कापडं दाखवून "हे कोनाचं गा?" म्हणून विचारायची. तो रडत घरी यायचा, माय त्याला जवळ घ्यायची, बाबा मशीन चालवायचे.

हे सगळं मी सोसलं असतं. घरात सगळ्यांनाच सोसावं लागत होतं, त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण दुसऱ्या वर्षी मी चौथी पास झाले आणि बाबांनी माझी शाळा बंद केली.

काजबटणाला आमच्याकडं एक बाई यायची. प्रत्येक कपड्यामागं तिला पैसे द्यावे लागत. बाबांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं आणि सुईदोरा माझ्या हातात दिला. कापडाला चीर पाडायची आणि तिच्या कडा जवळजवळच्या टाक्यांनी बांधून घ्यायच्या, की झालं काज. दिसायला सोपं. मांजरपाटासारखं जाड कापड असलं की सुई बोटात शिरे. रक्ताचा डाग कापडावर पडला तर बोलणी खावी लागत, बोटाचं कुणी विचारत नसे. भावाची शाळा कुणी थांबवली नाही. त्याला काज करायला बसवावं हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. "पोरगा हाये तो," एवढं उत्तर सगळ्यांना पुरत होतं.

एक दिवस आमचे गुरुजी बोळातून घरी आले. म्हणाले, "पोरगी हुशार हाये. कायले बसवून राह्यले घरी?" बाबांनी त्यांना पाट दिला, हात जोडले. "दोनच वर्सं, गुरुजी. ज्या दिवशी माही गुढी पुढच्या दारी लागन, त्या सालापासून पोरगी शाळेत. शबूद देतो." गुरुजी समाधानानं गेले. मीही तो शब्द धरून बसले. माझी जुनी पुस्तकं मी फडक्यात बांधून ठेवली. काज करताना तोंडानं पाढे म्हणायची, कविता म्हणायची, पाचवीत गेल्यावर मागं पडायला नको म्हणून. बाबांना घर हवं होतं, मायला गुढी हवी होती, मला शाळा. त्या पाडव्याची वाट सगळ्यांत जास्त मीच पाहत होते.

चौथ्या पाडव्याच्या आठवडाभर आधी पैसे पुरे झाले. मायनं गळ्यातली पोत मोडली तेव्हा कुठं पुरे झाले, पण झाले. बाबा धुतलेलं धोतर नेसून शेठकडं गेले. परत आले तेव्हा पैसे तसेच कनवटीला होते.

शेठनं घेतले नाहीत! म्हणाला, "मुदत सात पाडव्याची हाये. तीन वर्सांनी या. माही सरकी म्या कुठी नेऊ?"

आज मला हसू येतं आणि संतापही येतो. इतकी वर्षं आम्ही पोटाला चिमटा घेतला, पण मुदतीआधी पैसे घेतोस का, हे शेठला आधी विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. समोर ठेवलेल्या पैशाला नाही म्हणणारा माणूस असतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. शेठला पैसे नको होते, आमच्या खोल्या हव्या होत्या. बाजारालगत, कोरड्या, फुकटच्या!

माय ताडकन उठली. डोक्यावर पदर घेतला आणि थेट मारुतीच्या पारावर गेली, जिथं गावचे चार जाणते बसत. बायका तिथं जात नसत. मी तिच्या मागोमाग धावले. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "पैसे आनून देऊन राह्यलो तरी हा मानूस घर सोडत नाई. हे कोन्या धर्मात बसते, ते सांगा मले." मग शेठला बोलावणं गेलं, बाबांना बोलावणं गेलं. बराच वेळ बोलणी चालली. बायकोनं पारावर येऊन तोंड उघडलं म्हणून बाबा ओशाळले होते, ते मान वर करत नव्हते.

शेवटी तोड निघाली. शेठनं पैसे घ्यावेत, पाडव्याआधी खोल्या रिकाम्या कराव्यात. आणि त्याचं नुकसान होऊ नये म्हणून बाबांनी उरलेली तीन वर्षं त्याच्या घरचं सगळं शिवण फुकट करून द्यावं. नुकसान! पण बाबा तर हरखले. "बस एवढंच ना? देईन शिवून," म्हणाले. जाणत्यांनी माना डोलावल्या, शेठनं तंबाखू काढला. मायचा चेहरा मात्र उतरला. शेठचं घर केवढं मोठं होतं हे तिला ठाऊक होतं.

पाडव्याला आमची गुढी पुढच्या दाराशी लागली. उंच, नव्या खणाची. आळी बघायला आली, मायनं सगळ्यांच्या हातावर कडुनिंब आणि गूळ ठेवला. बाबांना कुणी मिठी मारत होतं, कुणी पाठ थोपटत होतं. गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, आता मी शाळेत जाऊ ना?"

बाबांनी मायकडं पाहिलं. मग म्हणाले, "जाजो व बाई. पन शेठच्या घरचं शिवन आलं ना अंगावर. तू गेली तं काजं कोन करन? काजवालीले पैसे द्याचे, अन् शिवायचं फुकट? एवढी तीन वर्सं निघू दे."

"तुमी गुरुजीले शबूद देला होता," मी म्हणाले.

"मंग? देला होता," बाबा म्हणाले, आणि गुढीचा सैल झालेला दोर आवळायला वळले. पारावर जाऊन गावाला जाब विचारणारी माझी माय, त्या दिवशी घरात माझ्यासाठी एक शब्द बोलली नाही. शेठवरचा माझा राग केव्हाच निवला, त्यानं निदान मला काही कबूल केलं नव्हतं. हा निवला नाही.

उन्हाळा सरताना शेठच्या घरून कापडाचा गठ्ठा आला. त्यात निळ्या फुलांचं एक चीट होतं. त्याचा झगा शिवायचा होता शेठच्या मुलीसाठी. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. बाबांनी मशीन मारलं, काजं मी केली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती झगा न्यायला आली, आमच्या पुढच्या दारानं. आमच्याच पुढच्या खोलीत उभी राहून तिनं तो अंगावर चढवला, गिरकी घेतली, आणि माझ्याकडं पाठ केली. पाठीवरची बटणं तिला लावता येत नव्हती. मी ती एकेक करून लावून दिली.