पेटीजवळची दोन तासांची पाळी

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या फिलिपिनो मैत्रिणीची आई गावी वारली. मैत्रिणीच्या व्हिसाचं काम अर्धवट होतं, त्यामुळे तिला जाता आलं नाही. त्यांच्याकडे दफनाआधी बरेच दिवस शवपेटी घरात ठेवतात आणि क्षणभरही एकटी सोडत नाहीत. पूर्वी सगळी गल्ली पत्ते खेळत, कॉफी पीत जागायची. आता अर्धी गल्ली इकडे, आमच्यासारखी आखातात आहे. पेटीपाशी उरली होती एक मावसबहीण, तीन रात्री न झोपलेली. तिचा जरा डोळा लागला तर कुणीतरी पाहत असावं, म्हणून इकडची माणसं व्हिडिओ कॉलवर पाळ्या लावून बसत होती. आमची संध्याकाळ म्हणजे तिथली मध्यरात्र.

शुक्रवारी मी अल नस्र भागातल्या तिच्या खोलीवर गेले. तिला बसल्या जागी झोप येत होती.

"सिस, दोन तास बसशील? बोलायचं काही नाही. म्हणून तर तुला विचारतेय."

"बसते."

घरी माझ्या आईला फोन केला. "अगं, ओळख ना पाळख, तू कशाला बसतेस?" मी इकडेच वाढलेली, नेहमीसारखं इंग्रजीतच उत्तर दिलं, पण बसणार म्हणजे बसणार, असं.

मैत्रीण पलंगाभोवतीचा पडदा ओढून झोपली. फोनवर पांढरी पेटी, दोन दिवे आणि प्लास्टिकच्या खुर्चीत मावसबहीण. नजर हलवायची नाही, असं मी ठरवलं. मेसेज येत होते, मी पाहिले नाहीत. तासाभराने मावसबहिणीची मान कलली. मग तिथला फोनच घसरला आणि मला नुसता छताचा पंखा दिसायला लागला.

आता पेटी कुणालाच दिसत नव्हती.

"हॅलो," मी म्हटलं. लिफ्टमध्येसुद्धा ऐकू आलं नाही म्हणून लोक मला परत बोलायला लावतात, तसला हॅलो. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग मी पूर्ण ताकदीने ओरडले, "अहो ताई! उठा!"

पंखा हलला. एक गोंधळलेला चेहरा आला, फोन सरळ झाला. पेटी दिसली.

पडद्याआडून मैत्रीण म्हणाली, "एवढा आवाज आहे तर मीटिंगमध्ये कुठे ठेवतेस?"

"झोप तू," मी म्हटलं आणि पुढचा तासही बसले.

नऊ वाजता रियाधहून तिच्या भावाने पाळी घेतली. मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. घरच्यांनी सोडायला यायचं नसतं म्हणे. ओठांवर आलेलं 'येते' मीही गिळलं.

"सरळ घरी जाऊ नकोस," ती आतूनच म्हणाली. "वाटेत कुठेतरी थांब. नाहीतर मृत्यू मागोमाग घरी येतो."

"मी तर फोनवरच होते."

"बसलीस ना? मग थांबायचं."

कोपऱ्यावरच्या करक, म्हणजे इकडच्या कडक दुधाळ चहाच्या टपरीवर सगळे पुरुषच होते. एरवी मी गाडीतूनच चहा मागवते. त्या दिवशी आत जाऊन बसले. आईचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"चहाला थांबलेय. थांबावं लागतं." हे मी मराठीत बोलले.

"बरं. आल्यावर आधी आंघोळ कर. गीझर लावून ठेवते."