वाढत्या अंगाचं माप

शिंपीमास्तरांनी अनाथाश्रमातल्या वीस मुलांचे कपडे फुकट शिवून द्यायचं कबूल केलं आणि ही गोष्ट अगदी गुप्त ठेवली. म्हणजे फक्त गिऱ्हाइकांना, शेजारच्या न्हाव्याला, चहावाल्याला आणि व्याह्यांना सांगितली. "आपल्याला गाजावाजा आवडत नाही," हेही प्रत्येकाला आवर्जून सांगितलं.

बायको म्हणाली, "आता दुकानावर भोंगा लावा, म्हणजे राहिलेल्यांनाही कळेल."

मास्तरांनी मान खाली घालून मशीन सुरू केलं. कारण निदान एक पाटी तरी लावावी, असं त्यांच्या मनात खरंच येऊन गेलं होतं.

कपडे मात्र झकास शिवले. वाटपाच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, मुलं रांगेत. प्रत्येकाच्या हातात कपडा देताना मास्तर खालची दुमड उलटून दाखवत. "वाढत्या अंगाचं शिवलंय हं. आत चार बोटं कापड ठेवलंय. उंची वाढली की आईला सांग, उसवून देईल."

पहिल्याला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं. चाळीस वर्षं पोराटोरांचे कपडे देताना हेच बोललेले. तोंड आपोआप चालत होतं. दहा मुलांनी शहाण्यासारखी मान डोलावली.

अकरावी आली टाचणी. मापं घेताना मास्तरांनीच तिला हे नाव दिलं होतं, अंगानं तशी आणि जिभेनंही. तिनं फ्रॉकची दुमड नीट तपासली आणि विचारलं, "पण आमच्यात आई कुणालाच नाही. मग हे उसवायचं कुणी?"

तिला राग आला नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. "माझा आधीचा फ्रॉक पार आखूड झाला, तरी कापड आतच राहिलं. मग तो धाकट्या मुलीला दिला."

मास्तरांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. अरे गाढवा, आश्रमात बसून आईला सांग म्हणतोस? आणि तेही दहा वेळा! त्या दहांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं, हे तर फारच लागलं.

"मी येईन ना," ते घाईनं म्हणाले. "पुढच्या वर्षी."

"सगळे पाहुणे असंच म्हणतात," टाचणी म्हणाली आणि फ्रॉक घेऊन गेली.

घरी मास्तरांना घास गेला नाही. त्यांना शाळेतली स्वतःची विजार आठवली. दरवर्षी आई दातानं दोरा तोडून तिची दुमड उसवायची. मग खाली न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसायची आणि पोरं हसायची. मास्तर आईशी दोन-दोन दिवस अबोला धरायचे.

"आपल्यासाठी दरवर्षी कुणीतरी बसून उसवत होतं गं," ते बायकोला म्हणाले, "आणि मी तोंड फुगवून बसायचो. केवढा नशीबवान होतो मी! हे कळायला अठ्ठावन्न वर्षं लागली, आणि तेही एका चिमुरडीनं झापल्यावर."

बायको हसली नाही. तिनं फक्त त्यांचं ताट पुन्हा पुढे सरकवलं.

वर्ष सरलं. दुकानात कामाचा डोंगर होता, गुडघा दुखत होता, सबबी तर एकाहून एक सरस सुचत होत्या. पण टाचणीचं ते वाक्य काही पाठ सोडेना. शेवटी मास्तर ब्लेड आणि दोऱ्याची रिळं घेऊन निघाले. या वेळी कुणालाही सांगितलं नाही. न्हाव्याला सांगितलं, पण तो काय, घरचाच माणूस.

टाचणी दारातच उभी होती. "आलात?" एवढंच म्हणाली आणि फ्रॉक आणायला पळाली.

मास्तर जमिनीवर बसले. टाके सुटले, कापड खाली आलं, आणि त्याबरोबर ती गडद पट्टीही. मास्तर ओशाळले. "ही पट्टी जरा वेगळी दिसतेय बघ. दहा-बारा धुण्यांत एकसारखी होईल. हसलं कुणी, तर लक्ष देऊ नकोस."

टाचणीनं फ्रॉक अंगाला लावला. पट्टीवर बोटं ठेवून मोजली. चार.

"एवढी वाढले मी?"

उत्तराची वाट न बघता ती फ्रॉक घेऊन धावत सुटली. स्वयंपाकघरात, अंगणात, वरच्या खोल्यांत तिचा आवाज ऐकू येत होता. "हे बघा! मी एवढी वाढले! हे बघा!"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. मग समोरच्या मुलावर उगाच खेकसले, "बघतोस काय? आण तुझी पँट इकडे."