हजेरीकाकांचं कार्ड

हजेरीकाकांना गैरहजर माणसाचा भयंकर राग यायचा. उभा जन्म केंद्र सरकारच्या कचेरीत इतरांच्या सह्या तपासण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळात त्यांनी तेच सुरू केलं. आरतीला कोण आलं नाही हे देवाआधी यांना कळायचं! "काल दिसली नाहीस, मीना?" जिन्यात हे ऐकून माझं डोकं उठायचं. पण ताप होता म्हटलं, की संध्याकाळी मऊ भाताचा डबा घेऊन हेच दारात उभे.

मुलगा समीर गुरुग्रामला. त्या गावाला गुडगाव म्हणायचे आणि काचेच्या इमारती नुकत्याच उठत होत्या, तेव्हाच तो तिकडे नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. मेट्रोने तासा-दीड तासाचं अंतर, पण साहेबांना सवड नाही. काकू गेल्यावर त्याने वडिलांना आपल्या खात्यावरचं एक कार्ड आणून दिलं. मशीनला नुसतं टेकवायचं, नंबर दाबायची भानगड नाही. टिंग झालं की पैसे गेले, आणि मेसेज समीरच्या फोनवर. "बाबा, रोज दुधाला हेच वापरा. म्हणजे मला कळेल तुम्ही ठीक आहात."

झालं! काकांना नवी कचेरी मिळाली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दूध केंद्रावर जायचे, कार्ड टेकवायचे आणि दूधवाल्याला ऐटीत सांगायचे, "हाजिरी लग गई, भैया." एकदा गुडघा धरला होता म्हणून मी म्हटलं, द्या कार्ड, मी आणते दूध. तर म्हणाले, "तू टेकवलंस तर ती खोटी सही होईल." आणि गेले की लंगडत!

समीरचे फोन मात्र कमी होत होत थांबले. कशाला करेल? मेसेज येतोय म्हणजे बाप जिवंत आहे.

मग काकांनी मुद्दाम खाडा केला. रोख पैसे देऊन दूध आणायचे आणि मांडीवर फोन घेऊन बसायचे. "बघ, आता येईल फोन. खाडा झाला की मेमो येतोच." आठवडा उलटला तरी फोन नाही. "मीटिंगा असतील गं," असं मलाच समजावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गणपतीत समीर आला, तेव्हा मी सरळ विचारलं. तो हसला. "अरे यार ताई, ते मेसेज ना? सारखं टिंगटिंग. म्यूट करून टाकले कधीचेच." काका मागेच प्रसादाची ताटली घेऊन उभे होते. "बिल्कुल बरोबर," ते म्हणाले. "कामाच्या माणसाला त्रास नको." त्यानंतर त्यांनी ते कार्ड काढलेलं मी पाहिलं नाही. रोज सकाळी माझी बेल वाजवायचे, "हजर" म्हणायचे आणि चहा घेऊन जायचे.

एका सकाळी बेल वाजली नाही. मीच त्यांचं दार तोडून घेतलं आणि त्यांना हॉस्पिटलात हलवलं.

समीर थेट हॉस्पिटलात पोचला. रडत होता, खोटं कशाला बोलू? पण सगळं संपलेलं होतं. काउंटरवर पावती करायला सांगितली, तेव्हा त्याने डोळे पुसत खिशातून कार्ड काढून मशीनला टेकवलं. टिंग झालं.

"लागली रे बाबा तुझी हजेरी," मी मोठ्याने म्हणाले. लोक वळून बघायला लागले. बघू देत!

समीर माझ्याकडे बघत राहिला. मी काय म्हणतेय, हे त्याला कळलंच नाही.