फोनातली खूण

मावशी वेबसाइटशी भांडायच्या. तोंडानं, आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. कुठलीही साइट उघडली की खालून ती पट्टी वर येते ना, 'आम्ही कुकीज वापरतो, आम्हाला तुमच्या खासगीपणाचा आदर आहे', ती आपण सगळे न वाचता 'मान्य' दाबून घालवतो. मावशी ती पूर्ण वाचायच्या. "आदर हाय तर मागं मागं कशाला येतो रं?" असं फोनला विचारायच्या आणि 'नको'चं बटण शोधायला लागायच्या. ते कधी फिकट अक्षरात असायचं, कधी दोन-तीन पानं आत दडवलेलं. एसटीची वेळ बघायला फोन काढलेला असायचा, आणि बटण सापडेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची. "गेली तर गेली. मी कुठं जाते ह्याची चौकशी करनारा ह्यो कोन?"

बारामतीत भिगवण रस्त्याला त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं. त्या मूळच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या, नोकरी सगळी आरोग्यसेविकेची. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून हे काढलं. मी शेळगावची. आजोबांपर्यंत मेंढरं राखणारं आमचं घर, त्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. कॉम्प्युटर. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगितलं. केंद्राची वेबसाइट मी केली. पहिल्या दिवशी मावशींनी ती वर-खाली करून बघितली आणि विचारलं, "पोरी, ह्ये तूच केलंस का कुनाकडनं करून घेतलंस?"

मला राग आला. म्हटलं, "मीच केलंय. आणि बिघडलं तर नीट करणारीही मीच."

"मग बरं. भांडायला मानूस जवळ पायजे."

एका जागी राहणं त्यांना माहीत नव्हतं. स्थळ सुचवलं आणि चार दिवसांत निरोप आला नाही, की त्या त्या घरी हजर. आज इंदापूर, उद्या निमगाव, परवा आणखी कुठं. लोक हसायचे, "मावशी, फोन करायचा की!" त्या म्हणायच्या, "फोनवर मानूस न्हाय म्हनतं. म्होरं उभं राहिलं की च्या पाजतं." सगळ्या भागात त्यांची ही ख्याती होती: ही बाई एकदा मागं लागली की सोडत नाही.

म्हणूनच जाहिरातीची ती सोय मी त्यांना समजावून सांगितली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. आपल्या साइटवर कुणी आलं की त्याच्या फोनात एक खूण ठेवायची. मग तो माणूस दुसरं काहीही बघत असला, हवामान, कांद्याचा भाव, तरी तिथं आपली जाहिरात दिसत राहते.

"म्हंजी पोलिओच्या वक्ताला आमी दारावर खडूनं खूण करायचो, तसं," मावशी म्हणाल्या. "डोस राह्यला तर फुली. फुली दिसली की परत त्या घरी जायाचं."

"तसंच. पण मावशी, तुम्ही स्वतः सगळीकडं 'नको' दाबता. आपल्या साइटवर तर मी विचारायची पट्टीसुद्धा ठेवलेली नाही. काही लोकांना हे आवडणार नाही."

"लोकांचं सोड. त्या साइटवाले मला काय बाय इकायला मागं येत्यात. मी लग्नं जुळवते. ह्यात वंगाळ काय हाय?"

मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा 'लाव' म्हटलं. केंद्र त्यांचं होतं. मी लावलं. चौकशा वाढल्या आणि मावशी खूश झाल्या. आता त्यांच्या वतीनं ती जाहिरातच घरोघरी हिंडत होती.

त्याच दिवसांत डाळजहून एका बाईचा फोन यायचा. शेजारणीच्या फोनवरून, घाईघाईनं. नवरा अपघातात गेलेला, एक मुलगा, सासरीच राहत होती. तिला कुठलं स्थळ नको होतं. "नुसतं बघायचंय मावशी. माझ्यासारखीसाठी कुनी असतं का, येवढंच." मावशींनी तिला साइटचं पुनर्विवाहाचं पान सांगितलं. तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. दुपारी सासरे जेवून आडवे झाले की त्यांच्या फोनवर ती ते पान बघायची आणि मागचं सगळं पुसून फोन जागेवर ठेवायची. कुठली पानं बघितली ती यादी तिनं पुसली. खूण त्या यादीत नसते. ती फोनात आणखी आत बसते, आणि तिला ती माहीतही नव्हती.

मंगळवारी भर दुपारी सासरे केंद्रात आले. धोतर, पांढरी टोपी, हातात फोन धरलेला, विंचू धरावा तसा.

"बाई, मी म्हशीचं भाव बघतुय, आन् मधी तुमचं ह्ये येतंय. 'पुनर्विवाह, नवी सुरुवात.' माझी बायकू जित्ती हाय. मग ह्ये कुनासाठी येतंय?"

"कुठनं आला, आबा?"

"डाळजहून. गावातलं एक पोरगं म्हनतंय, ज्यानं बघितलं त्यालाच ह्ये दिसतंय. माझ्या फोनवर कुनी बघितलं? नाव सांगा."

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मावशी उभ्याच होत्या. चेहरा इतका कोरा की मलाही क्षणभर खरं वाटलं.

"आबा, जाहिरात कुनालाबी दिसती. पैकं टाकले की समद्या तालुक्याला दाखवत्यात. कीर्तनकाराच्या फोनवर बी जात आसंल. तुमच्या घरात कोन हाय, मला काय ठावं?"

म्हाताऱ्यानं फोन खिशात घातला. "घरात इधवा सून हाय माझ्या," तो म्हणाला. "आमी तिला कमी काय केलंय? ती ग्येली तर नातवाचं काय?" आवाज रागाचा होता, पण शेवटच्या शब्दाला फाटला. पाणीही न घेता तो गेला.

तो जिना उतरला तशा मावशी माझ्याकडं वळल्या. "बंद कर. आत्ताच्या आत्ता."

मी जाहिरात बंद केली, साइटवरून खूण ठेवणारा तुकडा काढला. "आता दिसणार नाही. पण त्यांच्या फोनातली खूण मला इथून पुसता येत नाही, मावशी."

"दारावरची फुली घरच्यांना दिसायची," त्या म्हणाल्या. "वल्या फडक्यानं पुसायची बी. ही बया दिसंना आन् पुसंना. आन् मीच दिली मारून तिच्या दारावर."

शेजारणीच्या फोनवरून येणारे फोन थांबले. मावशींची तगमग मग बघवत नव्हती. कपाट उघडायच्या, बंद करायच्या, खिडकीशी जायच्या. "जाऊन येते डाळजला. कायतरी निमित्त काढते." एकदा पिशवी घेऊन निघाल्यासुद्धा. संध्याकाळी परत आल्या. भिगवणच्या स्टँडवर उतरल्या होत्या, डाळजला जाणारी गाडी समोर लागली होती, आणि त्या चढल्या नाहीत. "मी उंबऱ्यात दिसले की म्हाताऱ्याला उत्तरच मिळालं," त्या म्हणाल्या. "पन न्हाय गेले तर तिला वाटंल, बाईनं आग लावली आन् पळाली. तू शिकलेली हायस, सांग, काय करू?"

साइटवर मग पट्टी आली, आणि तिची अक्षरं मावशींनी सांगितली, मी फक्त शुद्ध केली: 'तुम्ही इथं येऊन गेलात ही खूण तुमच्या फोनात ठेवू का? फोन घरात सगळ्यांचा असेल तर नको म्हणा.' दोन्ही बटणं सारख्या मापाची. बहुतेक लोक 'नको' दाबायला लागले, चौकशा निम्म्यावर आल्या. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नको म्हनत्यात म्हंजी वाचत्यात." पण हसल्या नाहीत. दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही मला विचारत होत्या, "डाळजचा फोन आला का गं?"

केंद्र आता मी चालवते. मावशी गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एक बाई जिना चढून आली. शिवणकामाच्या युनिटच्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात, हातात स्वतःचा फोन. "मी डाळजची. मावशी हायत का?"

मी सांगितलं.

"त्यांच्यापाशी यायचं होतं," ती म्हणाली. "त्या दिसांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वाटायचं, आता मावशी येत्यात, मग येत्यात. त्यांचं कसं, समद्यांनाच ठावं की. मामंजी रोज वसरीला बसून रस्त्याकडं बघायचे. महिना गेला, दोन गेलं. मग एक दिवस म्हनाले, ती बाई ज्याचं स्थळ हातात घेती त्याच्या घरी गेल्याबिगर ऱ्हात न्हाय. आपल्याकडं आली न्हाय, म्हंजी आपल्यातलं कुनी नव्हतं. आन् त्या दिसापास्नं माझ्याशी बोलाया लागले. पुढं त्यांनीच हितं कामाला धाडलं, पोराला घिऊन."

ती फोन उघडून आमच्या साइटवर स्वतःचं नाव घालायला बसली. भिगवणच्या स्टँडवर गाडी सोडून दिलेल्या मावशींना हे आता कुठं जाऊन सांगू?