समोरची नळी

देवगाव फाट्यावर, टायरच्या दुकानाला लागून, शिवकन्याची रक्त तपासायची छोटी लॅब आहे. टेबलावर पसरट झाकणाचं एक यंत्र. बोटातलं रक्त काडीएवढ्या काचेच्या नळीत घ्यायचं, टोक मेणानं बुजवायचं आणि नळी यंत्राच्या तबकडीत गरगर फिरवायची. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी उरतं. तांबडा भाग जितका आखूड, तितकं अंगात रक्त कमी.

एकटी नळी ठेवली तर तबकडी थरथरते. समोर तोलाला दुसरी लागते. ती पाण्यानं भरली तरी चालतं. पण हे शिवकन्या कुणाला सांगत नाही. पोटुशी सून घेऊन सासू आली की सासूचंही बोट मागते. सुनेला निदान कुणी इथवर आणतं, सासूला कोण आणणार? शिवकन्याची आई चढावर दम लागून थांबायची, घरात सगळे त्याला वय म्हणायचे. ते वय नव्हतं हे कळलं तेव्हा आई उरली नव्हती.

परवा शेळ्या राखणाऱ्या कासाबाई सून बबिताला घेऊन आल्या आणि धापा टाकत बाकावर बसल्या.

"मावशी, जोडीला तुमचं बोट द्या."

"माझं कशाला? पोटुशी ती हाय का मी?"

"यंत्र एकट्यानं फिरत न्हाई."

"मेलं, यालाबी जोडीदार लागतो!" त्यांनी बोट पुढं केलं.

यंत्र थांबलं. बबिताचं रक्त ठीक होतं. कासाबाईंचा तांबडा भाग तिच्या निम्माही नव्हता.

"मावशी, घरी जाऊ नका. आत्ताच सेलूच्या दवाखान्यात जा."

"तू नळ्या बदलल्यास. ही धड भाकर खात न्हाई, अन् हिचं रक्त माझ्याहून जास्ती?"

शिवकन्या चिडली नाही. "मग खूण तुमीच करा." तिनं पुन्हा त्यांचं बोट टोचलं. कासाबाईंनी कपाळाचं कुंकू नळीच्या मेणाला लावलं. समोरच्या खाचेत शिवकन्यानं या वेळी स्वतःचं रक्त ठेवलं. कुंकवाच्या नळीतला तांबडा भाग तेवढाच आखूड निघाला.

 मग बबिता बोलली, "मामी, शेळी सुस्त दिसली की तुमी पापणी उलटून बघता. पांढरी निघाली की डागदर बोलावता." तिनं न विचारता सासूची पापणी खाली ओढली आणि मोबाइलचा कॅमेरा समोर धरला. "बघा."

पापणी आतून पांढरीफटक होती.

"अन् शेळ्या?"

"हे राखतील की."

"हरिओम? त्याला शेळी अन् बोकड वळखंना!"

बाहेर सेलूची जीप हॉर्न देत होती. कासाबाईंनी पदर खोचला.

"त्याला फोन लाव. म्हणावं, ढवळी लंगडायलीय, तिला मागं ठेवू नको."

सुनेच्या खांद्यावर हात टेकून त्या जीपकडं निघाल्या.